पेशंट या पदावर माझी नेमणूक

आमच्या रुख्मिणीचा अर्ज मी स्वतःच्या हातानं परत पाठवला होता, हे भैंशात अजून कोणी विसरलेलं नाही. मी निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी बाजारात वांगी निवडताना कोणी ना कोणी त्याची आठवण काढतंच. म्हणून एकदाचं सगळं क्रमवार सांगून टाकतो. त्यात माझी बाजूही येईल. माझी बाजू आजवर कोणी ऐकून घेतलेली नाही.

साल अठ्ठ्याऐंशी. आमचं गाव आंध्रात, पण मराठी बोलणारं. मी मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, कारकून. रहिवासी दाखल्यांचं टेबल माझ्याकडं. दरखास्त आली की तिच्यात काहीतरी कमी असतंच, आणि कमी नसेल तर आपण नीट शोधलं नाही असं समजायचं, हे मला माझ्या आधीच्या जुन्या कारकुनानं शिकवलं होतं. निजामाच्या जमान्यात घडलेला माणूस तो. त्या दिवशी एकवीस दरखास्ती होत्या. मी ओळीनं शेरे मारत गेलो. नाव वाचायची मला सवय नव्हती. नाव वाचलं की माणसाची कीव येते आणि काम मागं पडतं. त्यातल्या एका दरखास्तीवर मी लिहिलं, 'अर्जदार भैंशात राहत असल्याचा पुरावा नाही. परत.' खाली दस्तखत ठोकली आणि चहाला गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर रुख्मिणी चुलीपुढं पाठ करून बसलेली.

"काय झालं वं?" मी विचारलं.

"काई नाई. मी भैंशात राहत नाई म्हने. मंग इथं रोज सैपाक कोन करून राह्यलं, ते तुमच्या सायबाले इचारून या."

मी म्हटलं, अवं, मला सांगायचं तरी! तर ती म्हणाली, "तुमीच तं म्हनता, दफ्तराचं काम दफ्तरात, घरी आनाचं नाई. म्हनून चपराश्याच्या हातानं देल्ला." नियम माझाच होता. दोन दिवस मला ताटात भाकर मिळाली, पण बोलणं मिळालं नाही.

चूक माझी, पण निस्तरायची कशी? स्वतःच्या बायकोला दाखला मी देऊ शकत नव्हतो. एम.आर.ओ. साहेबांनी, म्हणजे आमच्या तहसीलदारांनी, पंचनामा करायचा हुकूम दिला. शेजारचे पांडुरंगराव, रिटायर मास्तर, यांची जबानी झाली. त्यांनी सांगितलं की रुख्मिणीबाई या घरात चौदा वर्षांपासून राहतात हे मी खात्रीनं सांगतो. त्यांचे यजमान भगवानराव राहतात की नाही ते मात्र सांगता येत नाही, कारण त्यांना घरात कधी काही करताना पाहिलेलं नाही. हे शब्द पंचनाम्यात जसेच्या तसे आले. ती मिसल, म्हणजे फाईल, आजही त्या दफ्तरात असेल.

आता हा दाखला तिला कशाला हवा होता ते सांगतो.

आमच्या भिंतीला भिंत लागून सखूबाईचं घर. ती जिनिंगमध्ये कापूस टाकायच्या कामाला होती. दोन वर्षांमागं तिच्या लुगड्याचा पदर मशीनच्या पट्ट्यात गेला आणि पदरासोबत हात. कोपराखाली हाड मोडलं. माणसं धावली, पण ज्याला जे सुचेल ते त्यानं केलं. एकानं हात ओढून सरळ करायचा प्रयत्न केला, एकानं तेल चोळलं. मग कापसाच्या गाडीवर घालून दवाखान्यात नेलं, आणि वाटभर तो हात गाडीच्या हिसक्यांनी लोंबत राहिला. हाड जुळलं, पण वाकडं. त्या हातानं आता सखूबाईला डोक्यावर हंडा चढवता येत नाही, लेकीची वेणी घालता येत नाही. रुख्मिणी तिला रोज पाण्याला हात लावायची. एकदा मला म्हणाली, "अवो, दोन कामट्या आन एक फडकं. येवढंच पाह्यजे होतं. आन बांधता येनारं कोनी."

त्या वर्षी जिनिंगमध्ये सरकारी इन्स्पेक्टर आला आणि शेठला सांगून गेला की इतके मजूर आहेत तिथं प्रथमोपचार शिकलेलं, परीक्षा पास झालेलं माणूस ठेवावंच लागेल. शेठ म्हणाला, दिवाळीनंतर हंगाम सुरू होईल, तोवर ज्याच्या हातात सर्टिफिकेट असेल त्याला ठेवतो. नसेलच कोणी, तर माझा पुतण्या आहे. पुतण्याला रक्त पाहिलं की भोवळ यायची. पण तो पुतण्या होता.

दिवाळीच्या आधी एकच परीक्षा होती. ती हुकली की पुढची सहा महिन्यांनी, आणि तोवर त्या पट्ट्यांपाशी दीडशे बाया आणि भोवळ येणारा पुतण्या. रुख्मिणी सातवी पास. तिनं कोणाला विचारलं नाही. कोर्सला नाव घातलं, आणि त्या अर्जाला रहिवासी दाखला जोडावा लागत होता.

क्लास दर रविवारी शाळेच्या एका खोलीत. शिकवायला लिंगय्या सार; तिकडं सरांना सार म्हणतात. हे मंचेरियलच्या कोळशाच्या खाणीत तीस वर्षं जखमी माणसं वर काढायचं काम केलेले, आता भैंशाला लेकीकडं राहायला आलेले. उंचीनं माझ्या खांद्याला लागत. मराठी येत नव्हती, आणि त्यांची हिंदी तेलुगूच्या चालीवर चालायची. बारा शिकाऊ, त्यात अकरा पुरुष आणि बारावी रुख्मिणी. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सांगितलं, "अम्मा, पट्टी को मत देखो. पेशंट का मुँह देखो. पट्टी कहीं नहीं भागता. पेशंट भागता."

पुस्तक तेलुगूत होतं. रुख्मिणीला तेलुगू थोडंफार कळे, वाचता येत नसे. मग ती सारांना विचारून विचारून वहीत चित्रं काढायची. कुठं दाबायचं, कुठं गाठ मारायची, कुठली पट्टी वरून आणि कुठली खालून. त्या वहीतल्या सगळ्या माणसांना पोट सुटलेलं होतं. मी त्याची चौकशी केली नाही.

कारण तोवर माझी नेमणूक झाली होती. सरावासाठी पेशंट ज्यानं त्यानं घरून आणायचा, असा सारांचा नियम. या पदाला पगार नाही, रजा नाही, आणि वरिष्ठ घरातच. रोज सकाळी चहा झाला की मी ओसरीवर आडवा व्हायचो आणि रुख्मिणी विचारायची, "आज काय मोडू?" सोमवारी डावा हात, मंगळवारी घोटा, बुधवारी जबडा. जबड्याच्या दिवशी मला बोलता येत नसे, म्हणून तो तिनं आठवड्यातून दोनदा ठेवला. त्रिकोणी पट्ट्या माझ्या नव्या धोतराच्या निघाल्या. ती म्हणाली, एका धोतरात बारा बसतात. धोतर एका माणसाला बसतं, हे मी म्हणून पाहिलं.

शेजार मदतीला होताच. पांडुरंगराव खुर्ची घेऊन यायचे. "वैनी, गाठ जरा घट्ट मारा, तो सुटून दफ्तरात जाईन." समोरच्या जयवंताबाई म्हणाल्या, "रुख्मिणी, नवऱ्याले बांधून ठेवाचा कोर्स हाय का व हा? मंग माझंबी नाव घाल." सखूबाई मात्र हसत नसे. ती उंबऱ्यावर बसून एकटक बघायची, आणि कामटी कुठून कुठवर जाते ते आपल्या वाकड्या हातावर मोजायची. ते पाहिलं की मी गुमान दुसरा हात पुढं करायचो.

एके दिवशी दोन्ही पाय एकत्र बांधून झाले, तोच दूध उतू गेलं आणि रुख्मिणी आत धावली. दूध, मग चूल, मग पाणीवाली. मी पाऊण तास तसाच. सुटलो तेव्हा पाय इतके बधिर झाले होते की दफ्तरात मी लंगडत गेलो. त्याच्या दोन दिवस आधी घाईत हाताची झोळी गळ्यातच ठेवून गेलो होतो. दफ्तरात माणसं जोडणी करण्यात पटाईत. दुपारपर्यंत सिद्ध झालं की भगवानरावला बायको मारते. एम.आर.ओ. साहेबांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "घर में सब ठीक है ना? देखो, सहन नको करो." मी म्हटलं, साहेब, ती शिकून राह्यली. साहेब म्हणाले, "हाँ, आजकल सब सीख रहे." आणि मला ग्लासभर पाणी दिलं. माझ्या नोकरीत साहेबानं मला पाणी दिल्याचा तो एकच प्रसंग.

पण खरी गंमत स्ट्रेचरची. हाड बांधून उपयोग नाही, माणूस नीट उचलून नेता आला पाहिजे, नाहीतर बांधलेलं फुकट, असं सार म्हणत. त्यांची सक्त ताकीद होती की सपाट रस्त्यावर पेशंटचे पाय पुढं आणि डोकं मागं. म्हणजे डोक्याकडं चालणाऱ्याला त्याचा चेहरा दिसत राहतो, श्वास चालू आहे का कळतं. खाणीत हाच नियम. मोठा शहाणपणाचा नियम आहे, माझी काही हरकत नाही. फक्त आमच्या भागात माणूस पाय पुढं करून आयुष्यात एकदाच घराबाहेर निघतो, आणि त्यानंतर परत येत नाही.

हे रुख्मिणीला ठाऊक नव्हतं का? होतं. पण ती आता सारांच्या शाळेतली होती. गुरुवारी मी किरकोळ रजा टाकली. आमच्या बाजेलाच दोन बांबू बांधून स्ट्रेचर केलं. उचलायला रुख्मिणी, जयवंताबाई, पांडुरंगरावांची लक्ष्मीबाई आणि कोपऱ्यावरची सोजरबाई. मला बेशुद्ध व्हायचं होतं. शॉक बसलेल्या माणसाला ऊब द्यावी म्हणून गळ्यापर्यंत पांढरी चादर टाकली. डोक्याला जखम होती, म्हणून कपाळावरून हनुवटीपर्यंत पट्टी. "काई झालं तरी डोये उघडू नका," रुख्मिणीनं बजावलं, "नाईतर सराव बिघडन." आणि आम्ही निघालो.

गल्लीच्या तोंडापर्यंत ठीक होतं. मग मला आवाज येऊ लागले. सायकलवरून कोणी उतरलं. दुकानाची फळी ओढल्याचा आवाज आला. उद्धवराव आपली ज्वारीची गाडी घेऊन बाजाराला चालले होते, ते गाडीवरून उतरले. डोक्यावरचा रुमाल काढला असावा, कारण कोणीतरी म्हणालं, "उद्धवराव, ऊन लागन." आणि मग माझ्या दोन्ही अंगांनी चालत चालत माझी चर्चा सुरू झाली.

"मंडल ऑफिसातला भगवानराव ना हा?"

"तोच. बायकाच खांदा देऊन राह्यल्या बापा! भाऊबंद पोचले नाईत वाटते."

"किती वय असन?"

"चाळिशीचा असन. बायको मारे म्हनत."

"लाकडाचं पाह्यलं का कोनी? माझी गाडी रिकामी करतो मी," हा उद्धवरावांचा आवाज. भला माणूस. त्यांचं माझ्याकडं एक काम दीड वर्ष अडलं होतं, तरी गाडी रिकामी करायला निघाले.

"मानूस चांगला होता," कोणी म्हणालं. "काम काई करत नव्हता, पन चांगला होता."

मी तोवर डोळे मिटून होतो. पण प्रत्येकाला काही सीमा असते. मी उठून बसलो आणि ओरडलो, "मी काम करत होतो!"

पुढचं नीट सांगता येणार नाही. बैल गाडीसकट सरकी बाजाराच्या दिशेनं गेले, त्यांच्यामागं उद्धवराव गेले. दोन बाया रस्त्यातच बसल्या. एक म्हातारा मला हात जोडून म्हणाला, "देवा, माझं काई चुकलं असन तं माफ कर." या सगळ्यात आमच्या चार बायांनी बाज हालू दिली नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. रुख्मिणी डोक्याकडून फक्त एवढंच म्हणाली, "बेशुद्ध मानूस बोलत नसते. पडा खाली."

बातमी मात्र माझ्यापेक्षा पुढं गेली होती. ती दफ्तरात पोचली साडेअकराला. बारा वाजता शोकसभा झाली आणि ऑफिस बंद. मी जिवंत असल्याचं सांगायला दुपारी गेलो तर कुलूप. संध्याकाळी तीन घरांतून कडू घास म्हणून पिठलं-भाकर आली. परत कशी करणार? बसलो जेवायला. जयवंताबाईंनी तर बाज स्वतः उचलून वर पिठलंही पाठवलं होतं, आणि ते खरोखर चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो. तेलुगूत होता, भावार्थ असा: आपले निधन झाल्याचे समजल्यावरून कार्यालय अर्धा दिवस बंद करण्यात आले, सबब आपण हयात असल्याबद्दल तीन दिवसांत जवाब द्यावा, अन्यथा सदर अर्धा दिवस आपल्या रजेतून वळता करण्यात येईल. जवाब दिला. अर्धा दिवस तरी कापलाच. पंख्याखालची माझी खुर्ची शेजारच्या टेबलावरच्या बाबारावनं शोकसभा संपता संपता आपल्याकडं ओढून घेतली होती, ती त्यानं परत केली नाही. म्हणाला, एकदा वारसानं लागलेली वस्तू परत घेत नसतात.

त्या रात्री मी रुख्मिणीवर चिडलो. खरं सांगायचं तर भरपूर बोललो. माझी अब्रू, माझी नोकरी, माझं धोतर. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमची खुर्ची गेली, खरं हाय. पन एक सांगा, येवढा गोंधळ झाला, बैल उधळले. तुमाले बाजेवर एक तरी हिसका बसला का?" मी आठवून पाहिलं. नव्हता बसला. माझा राग तिथंच बसला. मग मला फार अभिमान वाटला, पण तसं सांगणं त्या दिवशी सोयीचं नव्हतं.

परीक्षा मंचेरियलला. पहाटेची बस, निर्मलला गाडी बदलून आम्ही पोचलो. बाराही शिकाऊ, त्यांचे बारा पेशंट आणि सार. परीक्षक एक मोठे डॉक्टर, चष्म्यातून वर बघत नव्हते. एका हॉलमध्ये एकेकाची पाळी. सारांनी आधीच सांगितलं होतं: बाकी कशातही थोडंफार चाललं, पण पेशंट खाली पडला तर स्ट्रेचरला शून्य, आणि मग पास व्हायची आशा सोडा.

रुख्मिणीला प्रश्न आला डाव्या मांडीच्या हाडाचा. मी आडवा झालो. तिनं अशी काही मांडी बांधली की शेजारचे दोन पेशंट उठून बघायला आले. लांब फळी काखेपासून घोट्याच्या खाली, गाठी सगळ्या चांगल्या पायाकडं, सात ठिकाणी. डॉक्टरांनी एक गाठ ओढून पाहिली आणि काहीतरी लिहिलं. आता फक्त स्ट्रेचरवरून व्हरांड्यापर्यंत न्यायचं आणि परत आणायचं. उचलायला वर्गातलेच तिघे, डोक्याकडं रुख्मिणी. व्हरांड्याला दोन पायऱ्या होत्या. पुढच्या एकाचा पाय तिथं चुकला. स्ट्रेचर कलंडलं आणि मी फळीसकट दोन पायऱ्या घरंगळत उजव्या खांद्यावर आपटलो.

खांद्यात आत कुठंतरी कट् झालेलं मला ऐकू आलं. पण त्याच वेळी डॉक्टरांसाठी चहा आला होता आणि ते पाठमोरे होते. तिघांनी मला उचलून क्षणात परत स्ट्रेचरवर घातलं. डॉक्टर वळले तेव्हा सगळं जागच्या जागी. कोणी पाहिलं नव्हतं.

मग मी विचार केला. मी घाबरट माणूस आहे, काटा टोचला तरी घर डोक्यावर घेतो. पण इथं काय करायचं होतं? पाच मिनिटं गप पडून राहायचं, बस. हंगामाला पंधरा दिवस होते. सर्टिफिकेट तिचं होतं, मेहनत तिची होती, आणि हे सगळं माझ्या एका ओरडण्यानं जाणार होतं. मी दात आवळले. मी डॉक्टरांकडं बघून थोडा हसलोसुद्धा. आयुष्यात मी एकच पराक्रम केला तो हा, आणि बायकोनं तो पुरता दीड मिनिटही टिकू दिला नाही.

"थांबा," ती म्हणाली. "खाली ठेवा. मेल्लगा, मेल्लगा. हळू." स्ट्रेचर जमिनीवर आलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला, मनगट धरलं, मग बोटानं गळ्याच्या खालून खांद्याकडं हळूच चाचपत गेली. मी डोळ्यांनी सांगत होतो, नको वं, दोन मिनिटं थांब. तिनं माझ्याकडं लक्ष दिलं नाही.

"सायब," ती उभी राहून म्हणाली, "पेशंट गिर गया था. आपने देखा नहीं. इनका ये हड्डी सच में टूटा."

सारांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी पहिल्यांदा चष्मा काढला. "तुमको सवाल जाँघ का दिया है. मालूम है, गिरा बोले तो ज़ीरो?"

"मालूम है," ती म्हणाली आणि खाली बसली. तिनं माझ्या काखेत फडक्याची घडी ठेवली, हात छातीवर दुमडून झोळीत घेतला, वरून एक रुंद पट्टी अशी फिरवली की खांद्याचा भार कोपरावर आला. दुखणं अर्ध्यावर आलं. पुन्हा तिनं मनगट धरून नाडी पाहिली. सगळं करताना एकदाही पट्टीकडं पाहिलं नाही, माझ्याच तोंडाकडं बघत होती. चौदा वर्षांत तिनं मला इतकं कधी पाहिलं नसेल, आणि मी तिला तर नाहीच.

"दो मिनट रुकते तो पास हो जाते," डॉक्टर म्हणाले. "क्यों नहीं रुके?"

तिची हिंदी संपली होती. ती मराठीतच बोलली. "सायब, परीक्षा सहा महिन्यांनी पुन्हा भेटन. हाड पुन्हा भेटत नाई. बांधल्याबिगर नेलेला एक हात माझ्या भिंतीपलीकडं राहते. रोज पाहतो मी तो."

वर्गातल्या एकानं ते तेलुगूत सांगितलं. डॉक्टर उकिडवे बसले आणि त्यांनी माझी पट्टी बराच वेळ पाहिली. मग उठून कागदावर लिहिलं आणि सारांना ऐकवलं: "स्ट्रेचर ज़ीरो. नियम है. जाँघ पूरे मार्क." मग पुन्हा कागदावर पेन टेकवून म्हणाले, "और मैंने अभी एक सवाल और पूछ लिया. हँसली की हड्डी. उसके भी पूरे." हँसली म्हणजे गळ्यालगतचं हाड, माझं मोडलं होतं तेच. बेरीज केली तर ती एका मार्कानं पास झाली. लिंगय्या सारांनी भर हॉलमध्ये उपरण्यानं डोळे पुसले. मी पण रडलो. सगळ्यांना वाटलं खांद्यामुळं. मी तसंच वाटू दिलं.

पुढं माझ्या वाट्याला काय आलं ते सांगायला नको. दीड महिना झोळीत हात घेऊन फिरलो आणि भैंशात एकालाही ते खरं वाटलं नाही. एम.आर.ओ. साहेबांनी आजारपणाची रजा नामंजूर केली. शेरा होता, 'सराव.' पण हंगाम सुरू झाला तेव्हा जिनिंगच्या फाटकाआत एका खोलीत पांढऱ्या पेटीजवळ रुख्मिणी बसली होती. शेठचा पुतण्या वजनकाट्यावर गेला, तिथं रक्त येत नाही.

माघ महिन्यात बयनाबाई नावाच्या एका मजूर बाईचा हात तसाच पट्ट्यात गेला. कोपराखालीच. या खेपेला कोणी ओढलं नाही, कोणी तेल आणलं नाही. ज्यानं हात लावला त्याला रुख्मिणीनं असं झापलं म्हणे, की शेठ स्वतः चार पावलं मागं सरला. दोन कामट्या, पट्ट्या, झोळी, आणि जीपमधून दवाखाना. वाटभर ती बयनाबाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

प्लास्टर सुटलं त्या दिवशी बयनाबाई सरळ आमच्या घरी आली, नारळ घेऊन. ओसरीवर मी होतो, पांडुरंगराव होते, उंबऱ्यात सखूबाई होती. रुख्मिणी आत चहा टाकत होती. बयनाबाईनं बाही वर करून हात पुढं धरला. आम्ही 'छान झालं, छान झालं' म्हणालो. सखूबाई मात्र उठली, बयनाबाईचा तो हात तिनं आपल्या चांगल्या हातात घेतला आणि मनगटापासून कोपरापर्यंत बोटं फिरवत गेली. एकदा, मग पुन्हा एकदा.

"रुख्मिणी," तिनं आत हाक मारली, "बाहेर ये व बाई. सरळ हाय."